पावसाळ्यात टाकीतील मासे पुन्हापुन्हा आजारी का पडतात: कारण शोधण्याचा क्रम आणि उपचार

गोव्यात पाऊस स्थिरावला की थेट चवथीपर्यंत घरगुती मत्स्यटाक्यांविषयी एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. एंजल माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, दुकानातून औषध आणून टाकीत घातले, तीन-चार दिवसांत ठिपके गेले, आणि पंधरवड्याच्या आत ते परत आले. या खेपेस मात्र एक-दोन मासे दगावले. मग औषधाची दुसरी बाटली येते, त्यावरही भागले नाही तर माणसांच्या प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून टाकली जाते, आणि शेवटी सगळी टाकी रिकामी करून वाळूसकट धुऊन काढली जाते. पुढच्या पावसाळ्यात हेच चक्र पुन्हा सुरू होते.

या प्रकारात औषधाची निवड चुकलेली असणे तुलनेने कमी आढळते. बहुतेक वेळा औषध योग्य असूनही ते अर्ध्यावर थांबवलेले असते, किंवा ज्या पाण्यामुळे मासा अशक्त झाला ते पाणी उपचारानंतरही तसेच राहिलेले असते. म्हणून औषधाच्या दुकानाकडे वळण्यापूर्वी कारण कोणत्या क्रमाने शोधावे, आणि गोव्यातील पाण्याच्या बाबतीत कुठे विशेष लक्ष द्यावे, हे येथे सविस्तर मांडले आहे.

सगळे मासे एकदम की एकेक?

पहिला प्रश्न आजाराच्या नावाचा नाही. कोण, केव्हा आणि कशानंतर आजारी पडले, हा आहे. टाकीतील सगळ्या जातींचे मासे काही तासांच्या आत एकदम अस्वस्थ झाले, पृष्ठभागावर येऊन हवा गिळू लागले किंवा तळाशी निपचित पडले, तर दोष पाण्यात आहे असेच धरून चालावे, कारण कोणताही परजीवी किंवा जीवाणू गप्पीपासून ऑस्करपर्यंत सगळ्यांना एकाच दुपारी गाठत नाही. पाणी बदलल्यानंतर तासाभरात असे घडले तर क्लोरीन किंवा सामूतील म्हणजे पीएचमधील अचानक बदल, आणि रात्री वीज गेल्यानंतर सकाळी घडले तर प्राणवायूची कमतरता, हे पहिले संशयित आहेत. उलट आज एक मासा, परवा दुसरा, मग त्याच जातीचा तिसरा, अशी साखळी दिसली आणि त्याआधी आठ-दहा दिवसांत नवा मासा आणलेला असला, तर संसर्गाचा विचार करावा. आणि महिनोन्महिने अधूनमधून एखादाच मासा खंगून मरत असेल, तर ती बहुधा जुनाट पाण्याची, अपुऱ्या आहाराची किंवा माशाच्या वयाची गोष्ट असते.

हे निरीक्षण दिवे लावण्यापूर्वी, पहाटे करणे सर्वांत उपयोगी ठरते. रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरत असल्याने त्या वेळी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि दिवसा धडधाकट दिसणारा मासा पहाटे कल्ले जोरात हलवताना सापडतो. एकाच बाजूचे कल्ल्याचे झाकण मिटून दुसऱ्याच बाजूने श्वास घेणारा मासा दिसला, तर कल्ल्यांतील कृमींची शक्यता बळावते. दगडाला किंवा फिल्टरच्या नळीला अंग घासून झटकन पळणारा मासा त्वचेवरच्या किंवा कल्ल्यांवरच्या त्रासाची खूण देत असतो. पण माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात येणारा अमोनिया वाढला तरी मासे तसेच अंग घासतात, हे विसरू नये.

पाण्याची तपासणी आणि जांभ्याची जमीन

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सामू आणि कार्बोनेट क्षारता (म्हणजे सामू घसरू न देणारा पाण्यातील कार्बोनेटचा साठा) या पाच गोष्टी मोजता येतील असे थेंबांचे टेस्ट किट हे टाकीसाठी घ्यायच्या वस्तूंत औषधांच्या आधी यायला हवे. पट्ट्यांपेक्षा थेंबांचे किट अधिक भरवशाचे असते. त्यातही आपल्या दमट हवेत पट्ट्यांची डबी एकदा उघडली की त्या लवकर निकामी होतात. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही शून्य यावेत. नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत राहिले तर बहुतेक माशांचे भागते. यांतील क्षारतेकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि माझ्या मते गोव्यातील निम्म्या तक्रारींचे मूळ तिच्यातच असते.

गोव्याचा मोठा भाग जांभ्यावर वसलेला आहे. जांभ्यातून झिरपून विहिरीत येणारे पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी आणि कार्बोनेटचा साठा जवळपास नसलेले असते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जून-जुलैमध्ये विहीर काठोकाठ भरते तेव्हा हे पाणी आणखी पातळ होते. नळाच्या पाण्याचीही या काळात वेगळी अडचण असते. तिसवाडी व फोंड्याला ओपा येथून, बार्देशाला अस्नोड्याहून आणि सासष्टी व मुरगावला साळावलीहून येणारे पाणी मुळात नदीचे किंवा धरणाचे आहे. मुसळधार पावसात नदीचे पाणी गढूळ झाले की ते निवळण्यासाठी तुरटी अधिक वापरावी लागते आणि तुरटी पाण्यातील क्षारता खाऊन टाकते. निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीनची मात्राही वाढू शकते. ज्यांनी वर्षभर नळाचे पाणी काही न करता टाकीत ओतले आणि काही बिघडले नाही, त्यांना जुलैमध्ये त्याच सवयीचा फटका बसतो तो यामुळे.

क्षारता संपली की काय होते, हे फोंड्याकडील एका घरातील तीन फुटी टाकीत जवळून पाहायला मिळाले. टाकी चार वर्षे जुनी, पाणी काचेसारखे स्वच्छ, मासे मोठे झालेले. मॉली जागच्या जागी अंग हलवत होत्या, गोल्डफिशच्या शेपटीत लालसर रेषा उमटल्या होत्या आणि घरच्यांना तो परांचा आजार वाटत होता. सामूच्या नळीत थेंब टाकताच पाणी पिवळे झाले. त्या किटमध्ये पिवळा रंग म्हणजे ६, पण तो ६ किंवा त्याहून कितीही खाली असू शकतो, कारण किट त्याखालचे मोजतच नाही. अमोनियाच्या नळीत मात्र गडद हिरवा रंग आला. टाकीतील जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना क्षारता वापरतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. ती संपली की सामू घसरतो, सामू ६ च्या आसपास आला की तेच जीवाणू जवळजवळ काम थांबवतात, आणि अमोनिया साचू लागतो.

येथे एक धोका असा आहे की घाईने केलेला योग्य वाटणारा उपाय मासे मारतो. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बव्हंशी अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप फारसे विषारी नसते. पाण्याचे तापमान २८ अंश असताना सामू ७ ला एकूण अमोनियापैकी सुमारे ०.७ टक्केच विषारी रूपात असतो, तर सामू ८ ला हे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे अशा टाकीत कोणी एकदम अर्धे पाणी बदलून सामू वाढवला किंवा मूठभर खाण्याचा सोडा टाकला, तर आधी निरुपद्रवी असलेला साठा काही मिनिटांत विष बनतो. म्हणून प्रथम खाणे पूर्ण बंद करावे, टाकीच्याच सामूच्या जवळपास असलेल्या पाण्याने रोज दहा ते पंधरा टक्के पाणी बदलून अमोनिया खाली आणावा आणि मगच क्षारता हळूहळू वाढवावी. १०० लिटर पाण्याची क्षारता एक जर्मन अंशाने, म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅमने वाढवण्यास ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. दिवसाला एका अंशापेक्षा अधिक वाढ करू नये.

दीर्घकाळासाठी सोड्यापेक्षा सोपा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच मिळतो. तिसऱ्यांची शिंपले खरवडून, मीठमसाल्याचा अंशही न राहता उकळून, उन्हात कडक वाळवून आणि जाडसर फोडून जाळीच्या पिशवीत भरावीत व ती पिशवी फिल्टरमध्ये ठेवावी. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. पाणी आम्लधर्मी झाले की ती थोडी विरघळतात आणि सामू सावरला की विरघळणे मंदावते, त्यामुळे मात्रा चुकण्याची भीती राहत नाही. निऑन टेट्रा किंवा डिस्कससारख्या मऊ पाण्याच्या माशांना हे प्रमाण अगदी थोडे पुरते, तर मॉली, गप्पी आणि गोल्डफिश यांना ते मानवते.

क्लोरीनच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर, नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावे असा भारतीय मानकाचा दंडक आहे आणि तेवढेही माशांच्या कल्ल्यांना पोळवू शकते. पाणी उघड्या पिंपात हवेचा पंप लावून २४ तास ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेटचे क्लोरीननाशक वापरावे. बोअरवेलचे पाणी असल्यास पिंपात रात्रभर हवा देणे आणखी एका कारणाने आवश्यक असते: त्यात बऱ्याच ठिकाणी विरघळलेले लोह असते, ते हवेशी संपर्क येताच तांबूस गाळ होऊन बसते, आणि हा गाळ पिंपात बसलेला बरा, माशाच्या कल्ल्यांवर बसलेला नको. समुद्रकाठच्या गावांतील ज्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, त्यांचे पाणी वापरणाऱ्यांनी जूनमध्ये पाणी बदलताना विशेष सावध राहावे, कारण तीच विहीर काही दिवसांत खाऱ्याकडून अगदी मऊ पाण्याकडे जाते.

पांढरे ठिपके परत का येतात

अंगावर आणि परांवर मीठ भुरभुरल्यासारखे दिसणारे, एक मिलिमीटरपर्यंतचे, उठावदार आणि सुटे ठिपके हे इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीचे लक्षण आहे. मासे पाळणाऱ्यांच्या बोलीत याला नुसते इच म्हणतात. औषध लावण्यापूर्वी दोन गोष्टी वगळाव्यात. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर प्रजननकाळात नीट ओळीत पांढरे पुटकुळे येतात. तो आजार नाही. फुलकोबीसारखी खडबडीत, मोठी आणि आठवडे न हलणारी गाठ असेल तर ती विषाणूजन्य लिम्फोसिस्टिस असण्याचा संभव आहे. तिच्यावर औषध नाही आणि चांगल्या पाण्यात ती बहुधा आपोआप जिरते.

ठिपका म्हणून जो दिसतो तो परजीवी माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली दडलेला असतो आणि तेथे त्याला कोणतेही नेहमीचे औषध पोहोचत नाही. पोट भरल्यावर तो स्वतःहून बाहेर पडतो, वाळूवर किंवा काचेवर चिकटून भोवती आवरण तयार करतो आणि आत विभागत शेकडो पिल्ले तयार करतो. हे आवरणही औषधाला दाद देत नाही. पिल्ले बाहेर पडून नवा मासा शोधत पोहत असतात तेवढ्याच अवधीत औषध त्यांना मारू शकते, आणि मासा सापडला नाही तर ती सुमारे दोन दिवसांत मरतात. २५ अंशांच्या आसपास हे पूर्ण चक्र साधारणपणे चार ते सात दिवसांत फिरते. पाणी थंड झाले की ते लांबते.

आता चौथ्या दिवशी ठिपके दिसेनासे होतात याचा अर्थ उघड होतो. परजीवी मेलेला नसतो, तो केवळ माशावरून उतरून वाळूत गेलेला असतो. त्याच दिवशी औषध थांबवून, फिल्टरमध्ये औषध शोषणारा कार्बन टाकून पाणी स्वच्छ करणे म्हणजे पुढच्या पिढीला मोकळे रान देणे होय. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यानंतरही किमान एक आठवडा, आणि पाणी २५ अंशांच्या खाली असेल तर त्याहून अधिक दिवस, उपचार सुरू ठेवावा लागतो. शिवाय आजारातून वाचलेल्या माशांत काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते; त्यांच्या कल्ल्यांत थोडे परजीवी ठिपक्याविना राहू शकतात आणि महिन्याभराने आणलेला नवा, अननुभवी मासाच तेवढा ठिपक्यांनी भरतो. दोष नव्या माशाला दिला जातो, प्रत्यक्षात परजीवी घरचाच असतो.

हा आजार पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींनंतरच का डोके वर काढतो, याचे कारणही याच चक्रात आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरांतील टाकीचे पाणी अनेकदा ३० अंशांपर्यंत जाते आणि त्या तापमानात हा परजीवी नीट वाढू शकत नाही. पाऊस लागला की पाणी चार-पाच अंशांनी उतरते, गच्चीवरच्या टाकीतले गार पाणी थेट ओतले की ते एका तासात आणखी उतरते, माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि परजीवीला हवे तसे तापमान मिळते. गोव्यात हीटर कशाला लागतो, असे दुकानदारही सांगतात. माझे मत वेगळे आहे. लिटरमागे सुमारे एक वॅट या हिशेबाचा, तापमान स्थिर ठेवणारा हीटर पावसाळ्यात २७ अंशांवर लावून ठेवला तर या आजाराच्या बऱ्याच लाटा येण्याआधीच ओसरतात.

उपचार म्हणून उष्णकटिबंधीय माशांच्या टाकीत तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत ३० अंशांवर नेऊन दहा दिवस ठेवावे. ३० अंशांच्या पाण्यात २५ अंशांच्या पाण्यापेक्षा प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा पंप अहोरात्र चालू हवा. गोल्डफिशना हे तापमान मानवत नाही. त्यांच्यासाठी आणि मॉली-गप्पींसाठी मीठ अधिक योग्य. लिटरमागे ३ ग्रॅमपर्यंत मीठ, तीन भागांत, दीड-दोन दिवसांत विरघळवून घालावे. आपल्याकडे मिठागरांतले जाडे मीठ सहज मिळते आणि ते वापरण्यास हरकत नाही, मात्र त्यात चिखलाचा अंश असतो, म्हणून आधी बादलीत विरघळवून, निवळू देऊन वरचे पाणीच घ्यावे. कॉरिडोरास, लोच आणि टेट्रा यांना मिठाची मात्रा एक ग्रॅमवरच थांबवावी. पाणवनस्पतींना तीन ग्रॅम सोसत नाही. दर दोन दिवसांनी वाळू नळीने उपसावी, कारण आवरणातले परजीवी तेथेच असतात, आणि काढलेल्या पाण्याबरोबर जितके मीठ गेले तितकेच परत घालावे.

मीठ आणि तापमान यांनी तीन-चार दिवसांत फरक पडला नाही, किंवा कल्ले जोरात हलत असतील, तर मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन यांचे मिश्रण असलेले औषध बाटलीवरील मात्रेने वापरावे. खवले नसलेल्या माशांसाठी अर्धी मात्रा. फॉर्मलिन पाण्यातील प्राणवायू कमी करते, म्हणून तापमान वाढवून त्याच वेळी ते वापरू नये. मॅलाकाइट ग्रीन हातांना लागू देऊ नये आणि खाण्याच्या माशांच्या तळ्यात ते कदापि वापरू नये. दुकानात सरसकट दिले जाणारे निळे औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, अंड्यांवरच्या बुरशीसाठी चांगले आहे, पण पांढऱ्या ठिपक्यांवर ते दुबळे पडते आणि फिल्टरमधील उपयुक्त जीवाणूंनाही मारते. तांब्याची औषधे आपल्या मऊ पाण्यात नेहमीच्या मात्रेतही घातक ठरू शकतात, कारण पाण्यातील कठीणपणा कमी असला की तांब्याचा विषारीपणा वाढतो. गोव्याच्या विहिरीच्या पाण्यावर ती न वापरलेलीच बरी.

अंगावरचा कापूस

माशाच्या तोंडावर किंवा पाठीवर कापसासारखा थर दिसला की त्याला सर्रास बुरशी म्हटले जाते आणि येथेच निदानाची सर्वांत महागडी चूक होते. खरी बुरशी जखमेच्या जागी येते, तिचे धागे लांब आणि मोकळे असतात, पाण्यात ते हलताना दिसतात, आणि ती सावकाश पसरते. कॉलम्नॅरिस हा जीवाणूजन्य आजार मात्र ओठांवर आखूड, करड्या-पांढऱ्या लवीच्या रूपात किंवा पाठीच्या परापाशी दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या फिकट पट्ट्याच्या रूपात येतो. त्याची कड अनेकदा पिवळसर असते आणि तीव्र स्वरूपात तो एक-दोन दिवसांत मासा संपवतो. या जीवाणूला उबदार पाणी आवडते. म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांसाठी तापमान वाढवण्याचा जो उपाय वर सांगितला, तोच येथे आजार भडकवतो. शंका असेल तर तापमान वाढवू नये; २४-२५ अंशांवर ठेवून, गर्दी कमी करून, मासा वेगळ्या टबात हलवावा आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने प्रतिजैविक द्यावे.

औषधांच्या दुकानातील टेट्रासायक्लिनची कॅप्सूल मुख्य टाकीत फोडून टाकण्याची पद्धत सोडून द्यावी. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी तिचा संयोग होऊन परिणाम घटतो, मात्रा अंदाजाने पडते आणि त्यातून औषधाला न जुमानणारे जीवाणू तयार होतात. मासा खात असेल तोवर औषध खाण्यातून देणेच परिणामकारक असते. परांच्या कडा फाटल्या असतील, कुजत असतील, पण मासा खातो-पोहतो आहे, तर प्रतिजैविकाचा विचारही करू नये. पाणी सुधारले आणि एकमेकांचे पर कुरतडणारे मासे वेगळे केले की पर बहुधा परत वाढतात.

उरलेली लक्षणे

सोनेरी भुकटी अंगावर पसरल्यासारखी चकाकी टॉर्चच्या तिरप्या उजेडात दिसली तर तो व्हेल्व्हेट नावाचा आजार; त्याचा परजीवी काही प्रमाणात प्रकाशावर जगतो, म्हणून उपचाराबरोबर टाकी काळ्या कापडाने झाकावी. अंगावर लटकलेला काडीसारखा जीव म्हणजे अँकर वर्म. तो चिमट्याने मुळापासून काढून जागा पोव्हिडोन आयोडीनने पुसावी. गप्पीच्या गुदद्वारातून लाल धागे बाहेर दिसले तर कॅमलानस कृमी; त्यावर लेव्हामिसोल चालते. कल्ल्यांतील कृमींवर प्राझिक्वांटेल हे सर्वांत सौम्य औषध आहे.

खवले उभे राहून मासा अननसासारखा फुगणे हे स्वतंत्र आजाराचे नाव नसून मूत्रपिंडे निकामी झाल्याचे लक्षण असते, आणि त्या अवस्थेतून फार थोडे मासे परततात. वेगळ्या टबात स्वच्छ पाण्यावर काही दिवस पाहावे; खाणे सुटले आणि तोल गेला तर त्याचे हाल लांबवू नयेत. लिटरभर पाण्यात सुमारे अर्धा मिलिलिटर लवंगेचे तेल आधी बाटलीत जोरात हलवून मिसळावे आणि त्या पाण्यात मासा ठेवावा. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तो बाहेर काढू नये.

महिनोन्महिने खंगणारे, पाठीचा कणा वाकलेले, अंगावर न भरणारे व्रण असलेले मासे एकामागून एक मरत असतील तर मायकोबॅक्टेरियमचा विचार करावा. हा जीवाणू हातावरच्या चिरेतून माणसाच्या त्वचेतही शिरतो. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये, नळीने पाणी ओढण्यासाठी तोंड लावू नये, आणि बोटांवर न भरणारी गाठ आली तर त्वचारोगतज्ज्ञाला आपल्याकडे मत्स्यटाकी आहे हे आवर्जून सांगावे.

मात्रा, फिल्टर आणि वीज

औषधाची मात्रा टाकीच्या कागदावरच्या आकाराने न काढता तिच्यात प्रत्यक्ष असलेल्या पाण्याने काढावी. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकी साधारण ५६ लिटरची. पण वरची रिकामी जागा, वाळू आणि दगड वजा केले तर तीत ४५ ते ४८ लिटरच पाणी असते. औषध चालू असताना फिल्टरमधील कार्बन काढून ठेवावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्याखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, कारण अमोनिया पचवणारे जीवाणू त्याच स्पंजवर असतात.

पावसाळ्यातील वीज जाणे हाही आजाराचाच भाग समजावा. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर तीन-चार तास थांबला की आतले जीवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात, आणि वीज आल्यावर तेच कुजके पाणी टाकीत फेकले जाते. अशा वेळी फिल्टर सुरू करण्यापूर्वी त्यातले पाणी ओतून द्यावे. इन्व्हर्टरवर निदान हवेचा पंप जोडून घ्यावा, किंवा बॅटरीवरचा छोटा पंप जवळ ठेवावा. चवथीला मूळ घरी जाताना शेजाऱ्याकडे खाण्याचा डबा देऊन जाण्याची पद्धत आहे. त्यापेक्षा माशांना उपाशी ठेवलेले चांगले. मोठे, निरोगी मासे पाच-सहा दिवस खाण्याविना सहज राहतात, पण चवथीहून परतल्यावर दिसणारे गढूळ पाणी आणि मेलेले मासे बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या प्रेमळ मुठींचे फळ असते. पिल्ले असतील तरच रोजच्या खाण्याच्या कागदी पुड्या बांधून द्याव्यात.

नवा मासा

देशातील बरेच शोभेचे मासे चेन्नईच्या कोळत्तूर परिसरातून आणि कोलकात्याच्या आसपासहून निघतात आणि हात बदलत आपल्यापर्यंत पोहोचतात. इतका प्रवास केलेला मासा दुकानातून थेट मुख्य टाकीत सोडणे म्हणजे आजाराला आमंत्रण. पंचवीस-तीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, झाकायला जाळी, आणि मुख्य टाकीतच कायम ठेवलेला एक जादा स्पंज फिल्टर, एवढ्यावर विलगीकरण होते. नवा मासा तेथे किमान तीन आठवडे ठेवावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. ओहोळातून धरून आणलेले स्थानिक मासे आणि खाद्य म्हणून विहिरीतून आणलेले गप्पी यांनाही हाच नियम लागू आहे. आणि जे मासे नको झाले ते ओहोळात, तळीत किंवा विहिरीत सोडू नयेत, कारण त्यांच्याबरोबर परजीवीही तेथे जातात.

स्वतःच्या निरीक्षणाने उत्तर सापडले नाही तर त्वचेचा किंवा कल्ल्याचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत मत्स्यविज्ञानाचे काम चालते. तेथे किंवा जवळच्या पशुवैद्याकडे आधी फोन करून नमुना पाहता येईल का हे विचारून घ्यावे. नमुना म्हणून रात्री मेलेला मासा नेऊ नये, कारण आपल्या हवेत काही तासांतच परजीवी त्यावरून निघून जातात आणि कुजण्याचे जीवाणू सगळीकडे पसरतात. लक्षणे स्पष्ट दिसत असलेला जिवंत मासा टाकीच्याच पाण्यात, एक तृतीयांश पाणी आणि वर हवा भरलेल्या पिशवीत न्यावा. मासा नुकताच मेला असेल तर तो पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, फ्रीजरमध्ये गोठवू नये. टाकीतले अर्धा लिटर पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत घ्यावे, आणि सोबत एका कागदावर टाकीचे पाणी किती लिटर, पाणी कुठले, शेवटचे केव्हा बदलले, नवा मासा केव्हा आणला आणि आजवर कोणकोणती औषधे किती घातली, एवढे लिहून न्यावे.